उन्हाळ्यातल्या उल्का: ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल लागला की आमच्या उल्कानिरीक्षणाच्या छोट्या गटाकडे तेच ते प्रश्न यायला लागतात. काही घोडबंदर रोडवरून, काही खारघर-नेरुळहून, आणि बरेचसे रात्री साडेअकराला, गच्चीवर उभं राहून पाठवलेले. त्यातले वारंवार येणारे इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे दुसऱ्या उत्तराचा संबंध येतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. उन्हाळ्यात आपल्याकडून उल्कावर्षाव दिसतो का? कधी?

दिसतो, आणि एक नाही, दोन. पहिला स्वरमंडळ तारकासमूहातला, २२-२३ एप्रिलच्या आसपास. याचा बहर एका रात्रीपुरताच असतो, आदल्या-पुढल्या रात्री फारसं हाती लागत नाही. दुसरा कुंभ राशीतला, ५-६ मेच्या आसपास. हा जास्त दिवस टिकतो. बहराच्या दोन-तीन दिवस आधी किंवा नंतर गेलात तरी निराशा होत नाही, त्यामुळे सुट्टीचा शनिवार-रविवार गाठणाऱ्यांना तो सोयीचा.

आम्हाला विचाराल तर मे महिन्यातला निवडा. कुंभेतला उगमबिंदू (वर्षावातल्या सगळ्या उल्का आकाशातल्या ज्या बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात तो) जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर आहे. लंडनमध्ये तो उगवतो न उगवतो तोच उजाडायला लागतं. ठाण्याच्या १९ अक्षांशावर मात्र पहाटेचे अडीच तास मिळतात.

२. उल्का म्हणजे नक्की काय? तारा खरंच निखळतो का?

तारा जागच्या जागीच असतो. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना वाटेत धूळ आणि बारीक खडे सांडत जातो. पृथ्वी त्या वाटेवरून गेली की हे कण वातावरणात घुसतात आणि साधारण १२० ते ८० किलोमीटर उंचीवर जळून जातात. बहुतेक कण वाळूच्या दाण्याएवढे. एप्रिलमधले कण थॅचर नावाच्या, १८६१ साली दिसलेल्या धूमकेतूचे आणि मेमधले हॅलेचे. हॅले स्वतः १९८६ला येऊन गेला, पुन्हा २०६१ला येईल. तोवर त्याचा सांडलेला चुरा दरवर्षी बघायला मिळतो. त्याचे कण सेकंदाला ६६ किलोमीटर वेगाने येतात, म्हणून या उल्का झपकन जातात आणि मागे काही क्षण धूसर रेघ ठेवतात.

३. बातमीत ‘ताशी पन्नास उल्का’ म्हटलं होतं. आम्ही दोन तास बसलो, तीन दिसल्या. बाकीच्या कुठे गेल्या?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि चूक बसणाऱ्याची नसून बातमी देणाऱ्याची असते. पन्नास हा आकडा एका आदर्श आकाशाचा आहे: उगमबिंदू बरोबर डोक्यावर आणि आकाश इतकं काळं की साडेसहा प्रतीपर्यंतचे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप. आकडा जितका मोठा तितका तारा मंद.)

आता हाच आकडा आपल्याकडे आणू. पहाटे पावणेपाचला उगमबिंदू पूर्वेला साधारण ३५ अंश वर आलेला असतो. तेवढ्या उंचीने पन्नासचे २८ होतात. हे अगदी काळ्या आकाशात. त्यानंतर दिसणाऱ्या ताऱ्यांची मर्यादा एका प्रतीने खाली आली की या वर्षावातल्या उल्कांची संख्या सुमारे २.४ने भागायची. मुरबाडच्या पलीकडे चांगल्या रात्री साडेपाच प्रतीपर्यंत दिसलं तर ताशी १२. शहराच्या कडेला चार प्रतीपर्यंत दिसलं तर ३. ठाणे स्टेशनजवळच्या गच्चीवर तीन प्रतीपर्यंतच दिसलं तर ताशी एक, फार तर दीड. म्हणजे तुमच्या तीन अगदी हिशोबात बसतात, उलट गच्ची बरी निघाली म्हणायची. ‘आज आकाशात दिवाळी’ असे मथळे छापणाऱ्यांना हा भागाकार कुणीतरी एकदा करून दाखवायला हवा.

४. किती वाजता उठायचं? रात्रभर जागावं लागतं का?

मेमधल्या वर्षावासाठी नाही. उगमबिंदू सव्वादोनच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या जरा आधीच पहाटेचा उजेड मिसळायला लागतो. त्यामुळे खरा वेळ तीन ते पावणेपाच. दहाला झोपा, अडीचचा गजर लावा. एप्रिलमधल्यासाठी स्वरमंडळ रात्री पावणेदहाच्या सुमारास उगवतं आणि पहाटे साडेचार-पावणेपाचला सर्वांत उंच असतं. मध्यरात्रीनंतर कधीही बसा, जितका उशीर तितकं चांगलं.

संध्याकाळी जेवणानंतर तासभर बघून ‘काहीच नाही’ म्हणून खाली जाणारे फार. मध्यरात्रीनंतर आपली बाजू पृथ्वीच्या धावण्याच्या दिशेला येते आणि कण समोरून आदळतात. कुठल्याही वर्षावात नसलेल्या सुट्या उल्काही म्हणूनच पहाटे जास्त दिसतात.

५. चंद्र असला तर जावं का?

भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. मेच्या वर्षावाला शुद्ध पक्ष चालतो. अगदी शुद्ध दशमीचा चंद्रही पहाटे तीनच्या आत मावळतो. घात करतो तो पौर्णिमेपासून वद्य दशमीपर्यंतचा, कारण तो ऐन वेळी डोक्यावर असतो. वद्य एकादशीनंतरची कोर चालवून घेता येते, पाठ करून बसायचं. २०२७ साली अमावास्या ६ मेलाच आहे. रजा टाकायचीच असेल तर त्या वर्षी टाका.

६. सोसायटीच्या गच्चीवरून जमेल का?

जमेल, अपेक्षा तिसऱ्या उत्तराएवढी ठेवलीत तर. शहरात एकूण उजेडापेक्षा डोळ्यांत थेट घुसणारा एक दिवा जास्त नुकसान करतो. म्हणून पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा, अशा बाजूला की पोडियमचा फ्लडलाइट आणि शेजारच्या टॉवरवरचा लाल दिवा टाकीमागे जाईल. जिन्याच्या केबिनवरचा ट्यूब वॉचमनला सांगून बंद करून घ्या. हे काम रात्री अडीचला होत नाही, संध्याकाळीच बोलून ठेवा. गच्चीला कुलूप असेल तर सेक्रेटरींना चार दिवस आधी गाठा. ‘उल्का बघायच्यात’ म्हटल्यावर निम्मे सेक्रेटरी स्वतःच येतात, हा आमचा अनुभव.

मे महिन्यात खाडीवरून दमट हवा येते आणि आकाश दुधट होतं. संध्याकाळी वळवाची सर येऊन गेली असेल तर धूळ बसते. अशी पहाट मिळाली तर झोप मोडून उठा.

७. मग बाहेर जायचं तर कुठे? येऊरला जावं का?

येऊरला नाही. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचा वावर आहे आणि रात्री भटकायची ती जागाच नाही. शिवाय एका बाजूला ठाणे, दुसऱ्या बाजूला बोरिवली. आकाश म्हणावं तेवढं काळं नसतंच. खारघरच्या टेकड्यांचंही तेच, पनवेलचा उजेड थेट पोहोचतो.

मुंबई-ठाण्याचे आकाशवेडे पूर्वापार वांगणीला जातात. बदलापूरच्या पुढे, कर्जतच्या आधी, लोकलने जाता येतं ही त्याची मोठी सोय. खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम तिथे होत आले आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने अशा जाणत्या मंडळींबरोबरच जावं. बदलापूर-नेरळ पट्ट्यातली वस्ती वाढल्यापासून वांगणीचं आकाश पहिल्यासारखं राहिलेलं नाही, तरी ठाण्यापेक्षा कितीतरी बरं. गाडी असेल तर मुरबाडच्या पुढे माळशेजच्या दिशेने किंवा शहापूरच्या आतल्या गावांकडे जा. घाटात रस्त्याकडेला गाडी लावून बसू नका. रात्री ट्रक चालतात आणि प्रत्येक हेडलाइट डोळ्यांचा अंधार मोडतो. कुणाच्या ओळखीचं शेत किंवा खळं सगळ्यात चांगलं. जाण्याआधी पोलीस पाटलांच्या किंवा सरपंचांच्या कानावर घाला. मध्यरात्री शेतात दहा माणसं आडवी पडलेली दिसली तर गाव चौकशीला येणारच. आमच्या गटाबरोबर दारू चालत नाही, यावर चर्चाही होत नाही.

उन्हाळ्यात डोंगरात वणवे लागतात. समोरच्या डोंगराला आग असेल तर धुराने अख्खी पूर्व दिशा जाते. दुपारीच गावात फोन करून विचारलेलं बरं.

८. दुर्बीण लागते का?

नाही. असली तरी घरी ठेवा. दुर्बिणीतून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठे उमटेल ते कुणालाच माहीत नसतं.

९. नेमकं कुठल्या दिशेला बघायचं?

उगमबिंदूकडे टक लावू नका. त्याच्या जवळच्या उल्का आपल्याकडेच येत असल्याने आखूड दिसतात. त्याच्यापासून चाळीस-पन्नास अंश बाजूला, आकाशाच्या निम्म्या उंचीवर, जिथे सगळ्यात काळं आहे तिथे नजर सैल सोडा. मुरबाडकडे असाल तर कल्याण-भिवंडीची झळाळी पश्चिमेला राहते. पाय ईशान्येकडे करून पडा.

उगमबिंदू ओळखायचा तो उल्का कुठल्या वर्षावाची हे ठरवायला. मेमध्ये चारच्या सुमारास पूर्वेला भाद्रपदांचा मोठा चौकोन पूर्ण वर आलेला असतो. त्याच्या उजवीकडे किंचित वर तो बिंदू. उल्केची रेघ मनात मागे वाढवली आणि ती तिथे पोहोचली तर कुंभेतली, नाहीतर सुटी. एप्रिलमध्ये अभिजितच्या जवळ बघा.

१०. सोबत काय आणायचं?

सतरंजी आणि तिच्याखाली ताडपत्री. मान उंचावून अर्धा तासही बसवत नाही, आडवंच व्हावं लागतं. बॅटरीच्या काचेवर दिवाळीतल्या आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन पेपर दोन-तीन पदरी लावा आणि रबरबँड मारा. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झळकीत ती कमाई जाते. ‘फक्त टाइम बघितला’ हे कारण आम्ही ऐकून घेत नाही.

पूर्ण बाह्यांचा शर्ट, डासांचं मलम, भरपूर पाणी. बूट काढलेत तर घालण्याआधी आपटून बघा. उन्हाळ्यात विंचू आणि फुरशी रात्री बाहेर पडतात, त्यामुळे दगडांच्या रचलेल्या बांधाला टेकून बसू नये आणि लघवीला जातानाही बॅटरी पायाशी मारत जावं. मुलं आणणार असाल तर आणा. फक्त त्यांना अडीचपर्यंत झोपू द्या आणि पहिली उल्का दिसायला वीस मिनिटं लागू शकतात हे आधीच सांगून ठेवा.

११. मी पाहिली ती उल्काच होती हे कसं समजायचं?

वेळ मोजा. उल्का बहुतेकदा सेकंदाच्या आत संपते. विमान लुकलुकतं आणि मिनिटभर तरी दिसत राहतं. मुंबईला उतरणारी विमानं आपल्या डोक्यावरून जातातच, त्यात आता उलव्याच्या विमानतळाचीही भर पडली आहे. कृत्रिम उपग्रह न लुकलुकता दोन-चार मिनिटं सरकतो आणि मध्येच पृथ्वीच्या सावलीत शिरून विझतो. एका रांगेत चाललेले ठिपक्यांसारखे दिवे म्हणजे नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह. मेअखेरीस डोंगराकडे गेलात तर डोळ्यांच्या कडेला चमकणारा काजवाही फसवतो.

खरा गोंधळ होतो तो अवकाशातला कचरा जळताना. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी एक तेजस्वी, तुकडे होत जाणारी माळ आकाशातून हळूहळू सरकताना पाहिली आणि ‘उल्का पडली’ म्हणून व्हिडिओ फिरले. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही भागात धातूचं भलंमोठं कडं सापडलं. ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. ओळखायची खूण वेगाची. कक्षेतून खाली येणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतबाहेर असतो, तर सर्वांत संथ उल्काही ११ किलोमीटरची आणि वेगवान ७२ची. दृश्य अर्धा मिनिट चाललं आणि तुम्हाला खिशातून मोबाइल काढायला सवड मिळाली, तर ती उल्का नव्हे असं बिनदिक्कत समजा.

१२. ‘आमच्या बिल्डिंगच्या मागेच पडली’ असं शेजारी सांगतात. खरं असेल?

नसतं. शंभर किलोमीटर उंचीवरची उल्का तुम्हाला क्षितिजापासून तीस अंशांवर दिसली, तर ती जमिनीवरून मोजता पावणेदोनशे किलोमीटर लांब असते. ठाण्याहून ईशान्येला दिसलेली म्हणजे नाशिकच्याही पलीकडची. मागच्या बिल्डिंगआड गेली म्हणजे नुसती नजरेआड गेली. क्वचित एखादा फार मोठा अग्निगोल गडगडतो, पण तो आवाज तुमच्यापर्यंत यायला काही मिनिटं लागतात. शंभर किलोमीटर अंतराला पाच मिनिटांच्या आसपास.

१३. मोबाइलवर फोटो निघेल का?

तेजस्वी उल्का नशिबाने येते. स्टँड हवाच. प्रो मोडमध्ये आयएसओ १६०० ते ३२००, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर, फोकस अनंतावर, आणि एकामागून एक फोटो चालू ठेवायचे. नाइट मोड नको. तो अनेक फोटो एकत्र करून गुळगुळीत करतो आणि त्यात बारीक रेघ पुसली जाऊ शकते. गच्चीवरून एवढं एक्स्पोजर दिलं तर आकाश पांढरं पडेल, वेळ कमी करा. कॅमेरा चालू करून त्याच्याकडे पाठ करा, स्क्रीनचा उजेड अकराव्या प्रश्नातल्या सगळ्या फसव्या गोष्टींपेक्षा वाईट.

१४. ऑगस्टमधला प्रसिद्ध वर्षाव का सांगत नाही?

कारण १२-१३ ऑगस्टला ठाण्यात धो धो पाऊस असतो. ययातीतला तो वर्षाव चांगलाच आहे, पण कोकणपट्टीत त्या रात्री आकाश उघडं सापडणं म्हणजे लॉटरी. पावसाळ्यानंतर डिसेंबरमध्ये, १४ तारखेच्या आसपास मिथुनेतला येतो. तो उन्हाळ्यातल्या दोन्हींपेक्षा भरघोस आणि थंडीतली हवाही स्वच्छ.

१५. शास्त्रीय नोंद करायची आहे. कशी?

आंतरराष्ट्रीय उल्का संघटना १९८८पासून हौशी निरीक्षकांच्या नोंदी घेते आणि त्यांचा खरोखर उपयोग होतो. लागतं काय? सुरुवातीची आणि शेवटची वेळ, मधल्या सुट्ट्या, प्रत्येक उल्का कुठल्या वर्षावाची आणि तिची प्रत, आणि तुमच्या आकाशाची मर्यादा, म्हणजे दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत. लिहायला खाली बघू नका. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून, स्क्रीन बंद करून, उशाशी ठेवा आणि ‘कुंभ, दोन’ एवढंच बोला. दर पंधरा मिनिटांनी वेळ बोलायची.

प्रत ताऱ्यांशी ताडून ठरवतात. स्वाती शून्याच्या जवळ, चित्रा एक, ध्रुव दोन. सप्तर्षींत चौकोन आणि शेपटी जुळतात तिथला अंधूक अत्री तीनच्या थोडा पुढे आणि वसिष्ठाशेजारची अरुंधती चार. रात्री दोनला सप्तर्षी वायव्येकडे कललेले असतात, पण पुरेसे वर असतात. सरावलेल्या डोळ्यांना अरुंधती स्वच्छ दिसली तर मर्यादा चार किंवा त्याहून चांगली. नुसता अत्री दिसला तर तिसऱ्या उत्तरातला हिशोब आठवा.

१६. आम्ही चौघांनी चार दिशा वाटून मोजल्या आणि बेरीज केली. बरोबर ना?

नजारा म्हणून बरोबर, नोंद म्हणून बाद. हिशोब एका माणसाच्या दोन डोळ्यांवर बेतलेला आहे. चौघांनी चार वेगळ्या नोंदी पाठवा. दोघांना एकच उल्का दिसली तरी दोघांच्याही नोंदीत ती यायला हवी. ‘ती बघ!’ असं कुणी ओरडल्यावर मान वळवून पाहिलेली मात्र तुमच्या खात्यात धरायची नाही.

१७. पहाटे साडेचारला पाहिली. तारीख ६ लिहायची की ५?

जागतिक वेळ आपल्या साडेपाच तास मागे आहे. ६ मेच्या पहाटेचे साडेचार म्हणजे तिथे ५ मेचे रात्रीचे अकरा. फॉर्ममध्ये ५ तारीख आणि २३:०० लिहा. आपल्याकडे पहाटे साडेपाचपर्यंतचं सगळं निरीक्षण आदल्या तारखेत जातं. रेकॉर्डिंगमध्ये घड्याळाचीच वेळ बोला, रूपांतर सकाळी चहा घेऊन करा. झोपेत केलेली वजाबाकी पुष्कळदा चोवीस तासांनी चुकते.

१८. शेतात काळा, जड दगड सापडला. लोहचुंबक चिकटतं. अशनी (आकाशातून जमिनीवर पडलेला दगड) असेल का?

बहुधा नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणून चुंबक त्यालाही ओढलं जातं. दगडाला फुगे, पोकळ्या असतील तर शंका आणखी वाढते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची धातुमळीही अशीच जड आणि काळी असते. शिवाय धूमकेतूचे कण वरच जळून जातात, त्यामुळे वर्षावाच्या रात्रीनंतर सापडला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. जमिनीवर येतात ते बहुतेक लघुग्रहांचे तुकडे. बुलढाण्यातलं लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर अशाच एका आघाताचं, आणि तेही बेसॉल्टमध्येच. दगडावर पातळ, जळकट काळं कवच असेल आणि आतून तो फिकट दिसत असेल, तर तो फोडू वा धुऊ नका, कुणाला विकूही नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, देशातल्या अशनींचं जतन तेच करतं.

१९. मधला पाऊण तास ढग होते आणि उरलेल्या वेळात एकही उल्का दिसली नाही. ही नोंद पाठवायची का?

पाठवायची. ढगांनी थोडंच आकाश झाकलं असेल तर सरासरी किती भाग झाकला होता ते लिहा, त्यानुसार दुरुस्ती करता येते. बरंच झाकलं असेल तर तो वेळ सुट्टी धरून वगळा. मोकळ्या आकाशात एक तास बघून शून्य आलं असेल तर शून्यच लिहा, सोबत आकाशाची मर्यादाही. फक्त भरघोस रात्रीच कळवल्या तर सरासरी फुगते आणि पुढच्या वर्षीची बातमी पुन्हा ‘ताशी पन्नास’ची येते.